राजेश्वरीचा फॉर्म

१४ मे, बुधवार

बियाण्यांच्या कंपनीनं जानेवारीत दिलेली ही डायरी चार महिने कोरीच होती. आज मधूनच सुरू करतोय, कारण आज हातून एक चांगलं काम झालं आणि ते घरी सांगितलं तर आबा नुसते "बरं" म्हणतील.

टेरिटोरियल आर्मीची अधिकारी भरती निघालीय. जाहिरात इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. कोरेगावात ती कोण वाचणार? म्हणून मी बसून मराठीत पोस्टर केलं. वर पाठमोरा जवान, चेहरा नाही. खाली मोठ्या अक्षरांत: 'नोकरी सोडू नका. वर्दी घाला.' मग अटी. पदवी हवी, हाताला नोकरी किंवा धंदा हवा, वय अठरा ते बेचाळीस. वर्षाला दोन महिने सैन्यात, बाकीचे दिवस आपापल्या कामावर, आणि देशाला गरज पडली तर बोलावतील तेव्हा हजर. कोपऱ्यात थोडी जागा उरली, ती मोकळी बरी दिसेना, म्हणून तिथं लिहिलं: महिलाही पात्र.

झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या माझ्या दुकानाच्या काचेवर चिकटवत होतो तेव्हा शेजारचा लियाकत येऊन उभा राहिला. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि तो चौदा वर्षं टेरिटोरियलमध्ये जवान आहे. दहा महिने विहिरीवरच्या मोटारी बांधतो, दोन महिने शटर ओढून बटालियनला जातो. त्यानं सगळं वाचलं आणि म्हणाला, "आमचं काम काय असतंय ते मला माझ्या सासऱ्याला अजून सांगता आलं न्हाई. तू चार ओळीत सांगितलंस गड्या."

बरं वाटलं. बारा वर्षं मी या दुकानात पोरांचे भरतीचे फॉर्म भरतोय. त्यातले एकोणचाळीस जण फौजेत लागले. त्यांच्या आया पेढे आणून देतात.

या भरतीत माझं वय बसतं. धंदा आहे. पदवी नाही, बी.कॉम. दुसऱ्या वर्षालाच राहिलं.

२० मे, मंगळवार

बायकोला, राजेश्वरीला, शाळेची सुट्टी आहे, म्हणून आज तीच डबा घेऊन आली. आत यायच्या आधी बराच वेळ काचेसमोर उभी होती. मला वाटलं, पोस्टरमध्ये शुद्धलेखनाची चूक काढतेय. शाळेत विज्ञान शिकवते, पण चुका सगळ्याच विषयांतल्या काढते.

आत येऊन म्हणाली, "बी.एस्सी. चालतं ना?"

"कुणाला भरायचाय?"

"मला."

मी हसलो. लियाकत पाना मागायला आला होता, तो हसला नाही. म्हणाला, "वहिनी, जागा लय कमी असत्यात बायकांना. एखादीच. पण भरा."

मग मी फॉर्म भरला. वय सदतीस, शाळा, अनुभव, सगळं. फोटो मीच काढला, मागं पांढरा पडदा लावून. दात न दाखवता सरळ बघ म्हटलं तर असं बघितलं की मीच कॅमेरा खाली घेतला. ईमेल दुकानाचा टाकला, गिऱ्हाइकांचाही तोच टाकतो, म्हणजे काही आलं की मला कळतं. भरतीच्या साइटचा पासवर्ड शिवांजलीची जन्मतारीख. आमची पोरगी आता सहावीत गेलीय.

एक दिवसाची हौस. विसरेल.

३ जून, मंगळवार

विसरली नाही. आणि आबांना सांगितलं.

आबा म्हणजे माझे वडील, सुभेदार लालासाहेब, वय सत्तर, डावा गुडघा गेलेला, एकोणतीस वर्षं नोकरी. काल संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते. तिनं तिथंच सांगितलं. आज पहाटे साडेपाचला उठलो तर दोघंही घरात नाहीत. बाजार समितीच्या मैदानावर होते. आबा खुर्ची टाकून बसलेले, हातात घड्याळ, आणि राजेश्वरी सलवार-कमीजवर धावतेय. आबा ओरडत होते, "खांदं सैल सोड. हात कशाला आवळतीस?"

मी म्हटलं, "आबा, आधी लेखी परीक्षा आहे. ती तरी होऊ द्या."

"लेखी झाल्यावर पाय कुठनं आणायचं?" घड्याळावरची नजर काढली नाही.

मी चार वर्षं, चार भरत्या, रहिमतपूर रस्त्यानं एकटा धावलो. अंधारात कुत्री मागं लागायची. आबा तेव्हा पन्नाशीच्या आतले होते, गुडघाही धड होता. एकदाही आले नाहीत. चारही वेळा धावण्यात पास झालो आणि छातीच्या मापात गेलो. एक सेंटिमीटर कमी. चौथ्यांदा घरी आलो तेव्हा आबा म्हणाले होते, "नशीब," आणि गोठ्यात गेले.

मी बाजार समितीच्या कुंपणापाशी उभा राहिलो आणि दहा मिनिटांनी परत आलो. दोघांपैकी कुणी वळून बघितलं नाही.

१८ जून, बुधवार

राजेश्वरीनं आज पंधरा मिनिटांच्या आत सहा फेऱ्या केल्या. हे मला आबांनी सांगितलं नाही, न्हाव्यानं सांगितलं. आबांनी सगळ्या दुकानाला ऐकवलं म्हणे. "जतची पोरगी हाय. टँकर आला की तीन-तीन मैल घागर घेऊन पळालीय. तिचं फुप्फुस निराळंच हाय."

मैदानावरून आल्यावर आबा तिच्यासाठी स्वतः चहा करतात. आलं ठेचून घालतात. आबांना चहा करता येतो हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

आज मी म्हटलं, मलाही द्या. त्यांनी पातेलं दाखवलं. तळाशी उरलेला होता अर्धा कप.

२१ जुलै, सोमवार

काल पुण्यात परीक्षा झाली. मी गाडीनं घेऊन गेलो. आबाही आले, गुडघा दुखत असून पुढच्या सीटवर. राजेश्वरी मागं बसून पुस्तक वाचत होती.

आम्ही बाहेर झाडाखाली साडेपाच तास थांबलो. बाप-लेक एवढा वेळ एकत्र कधी बसलो होतो आठवत नाही. मी म्हटलं, "आबा, अवघड असतं का हो आतलं, अधिकाऱ्यांचं?" त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या कंपनीतला एक मेजर कसा होता, टेरिटोरियलची माणसं पूर आला तेव्हा कशी त्यांच्या मदतीला आली होती, कुणी वकील, कुणी रेल्वेत, आणि होडी कशी वल्हवत होते. मी मन लावून ऐकत होतो. मध्येच थांबले आणि म्हणाले, "हे तिला सांगाय पायजे, मुलाखतीत उपेगी पडंल."

ती बाहेर आली, म्हणाली पेपर बरा गेला. दोघं परत बोलायला लागले. येताना आबा मागं तिच्याशेजारी बसले. मी ड्रायव्हर.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पास झाली.

निकाल मीच उघडला. तिचा नंबर दोनदा वाचला, तिसऱ्यांदा बोट लावून वाचला. मग फोन केला, आवाज मोठा ठेवला.

आबा म्हणाले, फ्लेक्स लावायचा. आजवर कुणाच्या फ्लेक्सला एक पैसा दिला नाही त्यांनी. डिझाइन अर्थातच मी करायचं. दुपारभर बसलो. मध्ये राजेश्वरी, 'सैन्याधिकारी पदाच्या लेखी परीक्षेत घवघवीत यश', खाली शुभेच्छुक म्हणून आबा आणि मी. तिचा तो पांढऱ्या पडद्याचा फोटो मोठा केला की फाटतो, म्हणून बेताचा ठेवला. माझा फोटो चांगल्या कॅमेऱ्यातला आहे, मागच्या वर्षी सातारला लग्नात काढलेला, तो मोठा करता येत होता.

संध्याकाळी चौकात लावला. लियाकत खाली उभा राहून बघत होता. म्हणाला, "काय रं, नेमकं पास कोण झालंय?"

तांत्रिक कारण सांगितलं त्याला. त्यानं मान हलवली.

राजेश्वरी शाळेतून येताना बघून आली. फक्त, "फेटा छान दिसतोय तुमचा," म्हणाली. फोटोत मी फेट्यात आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

हे लिहावं की नाही, विचार करतोय. पण डायरी माझी आहे.

सकाळी अकरा वाजता दुकानाच्या ईमेलवर तिचं पत्र आलं. भोपाळला पाच दिवसांची मुलाखत. दिलेल्या तारखांपैकी एक पंधरा तारखेच्या आत निवडायची, न निवडल्यास उमेदवार इच्छुक नाही असं धरलं जाईल.

समोर दोन गिऱ्हाइकं होती. एकाचं उत्पन्नाच्या दाखल्याचं काम, एकीचं लॅमिनेशन. ती करून झाली. पत्र उघडंच होतं. मग मी ते बंद केलं.

घरी गेल्यावर सांगणार होतो. जेवताना आबा तिला सांगत होते की मुलाखतीला बसताना हात मांडीवर ठेवायचे, टेबलावर नाहीत. स्वतः खुर्चीत बसून दाखवलं. शिवांजलीनंही बसून दाखवलं. तिघं हसत होते. मी भाकरी संपवली आणि उठलो.

राजेश्वरीनं भांडी आवरताना विचारलं, "दुकानात काही आलं का हो?"

"कशाचं?"

"भोपाळचं."

"नाही," म्हटलं. सहज निघालं तोंडातून. उद्या सांगेन.

७ ऑक्टोबर

विचारलं. नाही म्हणालो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आजही विचारलं. रोज त्याच वेळी विचारते, ओट्यापाशी, माझ्याकडं पाठ करून, नळ चालू असताना. माझ्याकडं बघत नाही. मला या टोचणीचा राग यायला लागलाय. माणसानं एकदा नाही म्हटल्यावर रोज काय विचारायचं?

मी स्वतःशी नीट विचार केला. दोन महिने ती नसेल तर शिवांजलीच्या अभ्यासाचं काय? आबांच्या गोळ्या कोण देणार? जागा एकच असली तर कुठल्या कुठल्या पोरी येतील, पंचवीस-पंचवीस वर्षांच्या, इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या. तिथं जाऊन हिरमुसून येण्यापेक्षा इथंच थांबलं तर काय बिघडलं? मी तिच्या भल्याचा विचार करत नाही असं नाही.

पण हे सगळं मला पत्र बंद केल्यानंतर सुचलंय. आधी नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

नवे कॅनव्हासचे बूट आणलेत तिनं, साताऱ्याहून. जुने चांगले होते. आबांनी पैसे दिले असणार.

शिवांजली म्हणाली, आईनं शाळेत नोव्हेंबरमध्ये आठवडाभराची रजा मागितलीय. दिवाळीनंतर जतला जायचं असेल, तिच्या आईची तब्येत बरी नसते. मला सांगितलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही.

नळावरून आजही विचारलं. "अजून नाही," म्हटलं. तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, "बरं. येईल."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लियाकत दुकानात चहाला बसला होता. मे महिन्यात सीमेवर ताण होता तेव्हा त्यालाही तयार राहायला सांगितलं होतं. तेव्हाचं सांगत होता. बॅग भरून आठ दिवस दाराशी ठेवली होती म्हणे. त्याची बायको, जरिनाभाभी, त्या बॅगेवरनं पाय उचलून जायची, पण बाजूला सरकवली नाही एकदाही.

"घाबरली नाही ती?" मी विचारलं.

"घाबरली की. रोज रातच्याला भांडायची. पर बॅग तिनंच भरली हुती."

मग म्हणाला, "मला बंदूक फौजेनं दिली. घरातनं बाहेर पडाय ती देती. पंधरा मिनिटं उशीर झाला तर वरडती माझ्यावर."

मी विषय बदलला. तो गेल्यावर पत्र परत उघडलं. उद्या शेवटचा दिवस.

आज राजेश्वरीनं विचारलं नाही. नळ चालू होता, भांडी झाली, हात पुसले आणि गेली. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

मला ते विचारण्यापेक्षा वाईट वाटलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी शटर अर्धंच उघडलं. ठरवून गेलो होतो. तारीख मीच निवडायची आणि घरी जाऊन सांगायचं की आज आलं. थोडं खोटं राहील, पण काम होईल.

भरतीच्या साइटवर लॉगिन केलं. शिवांजलीची जन्मतारीख टाकली. पान उघडलं.

तारीख निवडलेली होती. १० नोव्हेंबर. निवडल्याचा दिनांक ७ ऑक्टोबर, सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटं.

मला आधी वाटलं काहीतरी गडबड आहे. मग समजलं. पासवर्ड तिला माहीत आहे, तिच्या पोरीचाच वाढदिवस. निकाल लागल्यापासून ती रोज मैदानावरून आल्यावर मोबाईलवर ते पान बघत असणार. माझ्या ईमेलची तिला गरजच नव्हती. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तारीख निवडली, आणि त्याच संध्याकाळी मला विचारलं, काही आलं का. नंतरही रोज विचारलं. मी रोज नाही म्हणालो आणि तिनं रोज ऐकून घेतलं.

आबांनाही माहीत असेल. शिवांजलीलाही. घरात एकट्या मलाच वाटत होतं की फक्त मला माहीत आहे.

शटर आतून खाली ओढलं आणि बसून राहिलो. बाहेर कुणीतरी दोनदा वाजवून गेलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

राजेश्वरी शिवांजलीला घेऊन बाजाराला गेली होती. आबा परड्यात घेवड्याच्या शेंगा सोलत होते. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. नऊ दिवसांचं. त्यांना माहीत असेल असं धरूनही सांगितलं.

पण त्यांना माहीत नव्हतं. तारीख निवडल्याचं तिनं सांगितलं होतं, मी पत्र दाबल्याचं नाही. माझं नाव तिनं घेतलंच नव्हतं.

मला वाटलं आता हात उगारतील. ते शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, "तुज्या छातीचा कागद आला हुता."

"कसला कागद?"

"फौजीच्या पोराला छातीत एक सेंटिमीटर सूट असती. त्याला रेकॉर्ड ऑफिसचा कागद लागतोय, ह्यो माझा मुलगा हाय म्हणून. तू मला आणाय लावला हुतास. मी तुला म्हनलं, आला न्हाई. आला हुता. तुज्या दुसऱ्या भरतीच्या आधीच आला हुता."

मी विचारलं, कुठं आहे. म्हणाले, चुलीत घातला.

"का?"

सोललेल्या शेंगा परत हाताळत होते. "तुझी आई त्याच वर्षी गेली. एकोणतीस वर्षं मी भाईरच हुतो, घर म्हंजे काय ठावं न्हवतं. घरी आलो तर ती गेली. तू बी गेला असतास तर ह्या घरात मी एकटा. मला एकट्याला ऱ्हायचं न्हवतं." मग म्हणाले, "तू पळाय जायचास तवा मी जागाच असायचो. तुझ्यासंगं आलो असतो तर तोंडातनं निघालं असतं."

मी उठलो. परड्याच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. बावीस वर्षं मी स्वतःच्या छातीला शिव्या दिल्या. आरशासमोर श्वास भरून उभा राहिलो. दुकानात पोरांची मापं घेताना प्रत्येकाचा हेवा केला. आणि हा माणूस सकाळी सकाळी तिला आलं घालून चहा देतो.

ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही, कारण मी कुठल्या तोंडानं ओरडणार होतो?

आबा म्हणाले, "तू नऊ दिस दाबलंस, मी बावीस वर्सं. मला सांगाय जमलं न्हाई म्हणून तिला पळवतोय. तू सांग तिला. आजच."

संध्याकाळी सांगायला गेलो. ती करंज्यांचं सारण भाजत होती. मी, "राजेश्वरी, ते पत्र," एवढंच म्हणालो.

"मला माहितेय," ती म्हणाली. हात थांबला नाही. "आत्ता नको. मला भोपाळला डोकं शांत ठेवून जायचंय. आल्यावर भांडू."

"मी माफी..."

"आल्यावर."

९ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी सरळ गेली. ती माझ्याशी नीट बोलते, वाढते, विचारते. सगळं जागच्या जागी आणि त्यामुळंच अवघड.

आज पुण्याला गाडीवर बसवून आलो. आबा आले नाहीत, म्हणाले तूच जा. बॅग तिनं स्वतः भरली होती. प्लॅटफॉर्मवर तिच्याच वयाची आणखी एक बाई होती, बँकेतली, तीही त्याच मुलाखतीला. दोघी पाच मिनिटांत मैत्रिणी झाल्या. त्या बाईचा नवरा पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, औषधं, कसली कसली पिशवी घेऊन धावत होता आणि तिला सारखं सांगत होता, "मस्त करशील बघ तू." मी त्याच्याकडं बघत होतो. एवढं सोपं वाक्य आहे.

गाडी हलली तेव्हा मी म्हणालो, "फोन कर."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी तीनला फोन आला. "नाही झालं."

खरं लिहितो. पहिल्या क्षणाला मला हलकं वाटलं. छातीवरून कुणीतरी उठावं तसं. तो क्षण किती लांब होता सांगता येणार नाही, पण तिनं तो ऐकला असेल, कारण मी लगेच काही बोललो नाही. मग म्हणालो, "असू दे. नीट ये." तिनं हं म्हटलं.

आबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "शेवटच्या दिवसापर्यंत हुती का?" होती म्हटलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कितीतरी वेळ तिच्यावरून हात फिरवत बसले. मला ते बघवेना.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी पुण्याहून तिला घेतलं. डोळ्यांखाली काळं, आवाज बसलेला, पण चालणं बदललंय. माझ्या पुढं चालत होती आणि तिला ते कळत नव्हतं.

कात्रज सोडेपर्यंत तिथलं सांगत होती. कधी नव्हे ते भरभरून. दोरावरून जायचं होतं, ती दोनदा पडली आणि तिसऱ्यांदा गेली. फळ्या आणि दोरी घेऊन सहा जणांनी मिळून नाला ओलांडायचा होता, तिथं पंचवीस वर्षांच्या पोरी वाद घालत बसल्या आणि हिनं म्हटलं, आधी फळी उचला. चित्र दाखवून गोष्ट लिहायला सांगितली. हिनं टँकरची गोष्ट लिहिली. तळहात उघडून दाखवला, दोरानं सोललेला. गाडी चालवता चालवता मी तो बघितला. मला त्या सोललेल्या हाताचासुद्धा हेवा वाटला. असा हात माझा कधीच होणार नाही.

खंबाटकी उतरल्यावर म्हणाली, "चहा घेऊ." टपरीच्या बाकड्यावर बसलो. ऊन चांगलं होतं. तिनं कप हातात धरला आणि म्हणाली, "आता भांडू."

पण भांडली नाही, सांगितलं फक्त.

"मी रोज विचारत होते कारण मला वाटायचं, आज सांगतील. पहिले दोन दिवस राग होता. नंतर मी तुमच्यासाठी विचारत होते. तुम्हाला सांगायला जागा मिळावी म्हणून. शेवटच्या दिवशी माझ्यानं विचारवेना."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"थांबा. मुलाखत घेणारे साहेब फार चांगले होते. वयानं आबांपेक्षा लहान, पण तसेच. मला विचारलं, दोन महिने गेलात, किंवा वर्षभर बोलावलं, तर घरी कोण बघेल? म्हटलं, सासरे आहेत. कशी तयारी केलीत? म्हटलं, सासऱ्यांनी करून घेतली. मग म्हणाले, आणि तुमचे पती? त्यांना काय वाटतं?"

एक एस.टी. घाट उतरून गेली. ती जाईपर्यंत राजेश्वरी थांबली.

"मी म्हटलं, त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे, फॉर्म त्यांनीच भरला. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. पाच दिवसांत तिथं मला येत नव्हतं ते येत नाही म्हटलं, पडले तिथं पडले म्हटलं. एवढं एकच खोटं बोलले."

"त्यामुळं गेलं?"

"माहीत नाही. कारण सांगत नाहीत तिथं कुणालाच. कदाचित दोरावरनं दोनदा पडले म्हणून असेल. कदाचित इंग्रजीमुळं. ते तुम्हालाही कधी कळणार नाही आणि मलाही नाही."

चहावर साय धरली होती.

मग मी तिला आबांच्या कागदाचं सांगितलं. चूल, सूट, बावीस वर्षं, सगळं. ती ऐकत होती. मध्येच तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला, तो सोललेला, आणि मी बोलायचं थांबल्यावर काढून घेतला. म्हणाली, "आबांना मी काही विचारणार नाही. ते तुमचं आहे. पण तुम्हाला कुणी काय केलं ते तुम्ही माझ्याकडनं वसूल करायचं नाही."

पैसे तिनं दिले. गाडीकडं जाताना म्हणाली, "मी पुढच्या वर्षी परत जाणार आहे. बेचाळीसपर्यंत जमेल तितक्या वेळा जाणार. पतीला काय वाटतं, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारतील."

दार उघडून बसली, पट्टा लावला. मी चावी फिरवली तेव्हा समोर बघतच म्हणाली, "तुमच्याकडं वर्ष आहे."

सातारा यायच्या आत तिला झोप लागली. मी गाडी खड्डे चुकवत, सावकाश नेली.